ज्याचा ढीग, त्याची अट

आमच्या दाजींनी स्वतःची अट जोडल्याशिवाय दुसऱ्याची एकही अट आजवर मान्य केलेली नाही, हे मी नंदुरबारच्या भर बाजारात उभं राहून छातीठोकपणे सांगेन, आणि मला खोटं पाडायला कुणी पुढे येणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. मिरचीचे जुने आडते. अंगानं वाळक्या मिरचीसारखे, आणि स्वभावानंही तेच. मी स्वतः एसटीत कंडक्टर होतो, नंदुरबार-धडगाव गाडीवर. चढाची गाडी, गाडीत दुप्पट माणसं आणि माणसांच्या मांडीवर कोंबड्या, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि डोकं गरम, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी काही ठिकाणी ओरडलोय. त्याबद्दल मला काहीही वाटत नाही. माझ्या जागी असता तर तुम्हीही ओरडला असता.

लग्नातच बघा ना. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू व्हायची आणि नवरदेवानं हात वर केला. आमच्या वडिलांना वाटलं, आता काय मागतो हा बाबा! दाजी मांडवाला उद्देशून म्हणाले, "तांदूळ डोळामा गया ते टाकनारनी जबाबदारी. मान्य व्हई त्यानीच अक्षता टाका." निम्म्या मांडवानं घाबरून अक्षता खिशात घातल्या. देवळाबाहेर 'चपलांची जबाबदारी संस्थेवर नाही' अशी पाटी दिसली की हे पुजाऱ्याला विचारणार, "मंग देववर शे का?" आणि पुजारी नाही म्हणेपर्यंत जागचे हलणार नाहीत. एकदा माझ्याच गाडीत बसले. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात काहीबाही छापलेलं असायचं. ते मी स्वतः कधी वाचलं नव्हतं. दाजींनी ते खिडकीशी धरून शेवटपर्यंत वाचलं, पेन काढलं, खाली लिहिलं, 'चांदसैली घाटात गाडी बंद पडल्यास प्रवासी ढकलणार नाही', आणि तिकीट मला परत दिलं. गाडी नेमकी चांदसैलीतच बंद पडली. सगळे उतरून ढकलताहेत आणि आमचे दाजी झाडाखाली उभे! मी म्हटलं, "अहो, निदान मेहुण्याची तरी लाज राखा." तेव्हा आले. पण खांदा लावता लावता म्हणाले, "आते मी राजीखुशी ढकली ऱ्हायनू. तुन्हा तिकिटमुये नही."

हे खूळ कुठून आलं म्हणाल, तर बाजारातून. आमच्याकडे हंगामात पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, लाल मिरची पसरली की पाहुण्याला आधी ठसका लागतो आणि मग गाव दिसतं. त्या बाजारात जुन्या आडत्यांची एक रीत होती. व्यापारी माल बघायला आला की आडत्या ढिगापाशी उभा राहून आपली अट बोलून टाकायचा. ओल किती, देठ किती, गाडी कधी लागणार, सगळं. मग गप्प. व्यापाऱ्यानं ढिगात हात घालून मूठ बाहेर काढली की अट मान्य झाली. कागद नाही, सही नाही. भाव तेवढा रुमालाखाली बोटं धरून ठरायचा. ज्याचा ढीग त्याची अट, हात घातला त्यानं मान्य केली. दाजी ह्या एका वाक्यावर जन्मभर जगले, आणि खरं सांगायचं तर बाजारात त्यांचा शब्द कधी खाली पडला नाही.

मग माझ्या भाच्यानं, म्हणजे दाजींच्या मुलानं, सुरतेहून फोन पाठवला आणि त्यात ते व्हिडिओवालं ॲप टाकून दिलं. झालं! दाजी रोज सकाळी ओट्यावर उभे राहून 'आजना भाव' सांगायला लागले. आधी गळा साफ करायचे, मग टोपी नीट करायची, मग भावाच्या आधी अटी. "हाऊ व्हिडिओ म्हंजे मन्हा ढीग शे. आठे जो हात घाली तेले मन्ह्या अटी मान्य शेत. व्हिडिओ कापाना नही. मझारमा जाहिरात टाकानी नही. भांडन व्हयनं ते निकाल नंदुरबारमा." पाहणारे मोजके. त्यातला एक मी, तोही अक्काच्या धाकानं. एकदा ॲपनं मधेच केसांच्या तेलाची जाहिरात घातली. दाजींच्या डोक्यावर औषधालाही केस नाही! अट मोडली म्हणून त्यांनी ॲपला नोटीस दिली, म्हणजे पुढच्या व्हिडिओत सुरुवातीला नुसते डोळे वटारून बघत राहिले.

त्या व्हिडिओत अक्का कधी दिसली नाही. मी तिला म्हणायचो, एकदा ये की समोर. तर म्हणायची, "मी काय भाव शे का, लोकेसले दखाडाले?" पण तिचा आवाज मात्र प्रत्येक व्हिडिओत आहे. दाजी रंगात येऊन देठांवर बोलायला लागले की आतून आरोळी यायची, "ओ, चहा गार व्हयी ऱ्हायना! बजार काय पळी जाई ऱ्हायना का?" की दाजी उरलेला भाव भराभर गुंडाळायचे. कधी ती शेजारणीशी बोलायची, कधी मांजराला हाकलायची, कधी कुणाचा तरी उद्धार करायची. तो 'कुणीतरी' बहुतेक वेळा मीच असे.

अक्का आजारी पडली तेव्हा ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर दाजींनी सही केली आणि सवयीनं खाली अट लिहिली, 'पेशंट चालत घरी परत मिळावी.' डॉक्टरांनी ती वाचली. मग दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. अक्का चालत आली नाही. मी माहेरची शेवटची साडी घेऊन गेलो. हिरवी नेली, कारण ती सवाष्ण गेली. आमच्यात ती साडी भावानंच आणायची असते. ती तिच्या अंगावर पडेपर्यंत कुणी काही हलवत नाही.

त्यानंतर दाजींनी 'आजना भाव' बंद केला, आणि जुने सगळे व्हिडिओ ॲपमध्ये कुलूपबंद केले. फक्त त्यांनाच दिसतील असे. "तिना आवाजले दुनियानी कसाले हात लावाना?" एवढंच म्हणाले. मलाही दिसेनासे झाले. सकाळी मी तिकडून जाताना पाहायचो, दाजी ओट्यावर बसलेत, फोन कानाला लावलाय आणि गेल्या साली कुठल्यातरी मंगळवारी मिरची काय भावानं गेली ते ऐकताहेत. शिळ्या भावाइतकी टाकाऊ गोष्ट जगात दुसरी नाही, पण हा माणूस ते ऐकता ऐकता मान डोलवायचा, हसायचा. मला ते बघून बरंही वाटायचं आणि रागही यायचा. माझी सख्खी बहीण, अन् मी रस्त्यावरून बघायचं!

आणि एके दिवशी फोनवर ती चौकट आली. 'आमच्या अटी बदलल्या आहेत. मान्य करा.' तुम्ही-आम्ही काय करतो? अंगठा टेकवतो आणि पुढे जातो. दाजींनी चष्म्यावर भिंग धरून ती सगळी भानगड वाचायला घेतली. जेवायला उठायचे, पुन्हा बसायचे. शेवटी त्यांना त्यात खडा सापडला. लिहिलं होतं की ह्यापुढे लोकांचे व्हिडिओ आणि त्यातले आवाज कंपनी आपल्या मशिनांना शिकवायला वापरील. दाजी तडक माझ्या घरी आले. चेहरा पांढरा पडलेला. "दख रे भो. त्या मशीनले अक्काना आवाज शिकाडतीन. मंग ते मशीन तिना आवाजमा कोनलेबी काहीबी सांगी. तिनी जनमभर कोनले खोटं सांगं नही!"

तोवर चौकटीच्या कोपऱ्यात एक फुली होती. तिच्यावर बोट ठेवलं की चौकट जायची आणि अक्का ऐकू यायची. म्हणून दाजी निवांत. त्यांनी आपल्या अटी ॲपच्या मदतीच्या खिडकीत सविस्तर लिहून पाठवल्या. तिकडून लगेच उत्तर आलं, 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' दाजी खूष! म्हणाले, "मोलना शे म्हने. नही ते म्हने नही ना?" मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "दाजी, तिथं माणूस नाही हो कुणी! आमच्या डेपोच्या चौकशीची खिडकी तरी बरी, आत कुणी झोपलेलं तरी असतं." पण ऐकतील ते दाजी कसले.

मग फुली गेली. एका सकाळी चौकट उघडली ती हलेचना. मान्य करा, नाहीतर सोमवारी दुपारनंतर खातं आणि त्यातलं सगळं पुसलं जाईल. आत जायचं तर आधी मान्य. व्हिडिओ उतरवून घ्यायचे तरी आधी मान्य. आणि ज्या जुन्या फोननं ते काढले होते तो पथारीवरच्या टाकीत पडून केव्हाच गेलेला. भाचा सुरतेहून फोनवर फोन करत होता, "बाबा, दाबा ना एकदाचं!" मी तर घरी जाऊन अक्षरशः ओरडलो. "तुमच्या अटींपायी माझी बहीण दुसऱ्यांदा जायची! जन्मभर तिनं तुमची खुळं सोसली, आता मेल्यावर पण सोसायची का?" दाजी एकदम उठून उभे राहिले. म्हणाले, "तुले आवाज पाहिजे. माले बी पाहिजे. पन इकीसन नही पाहिजे." विकून नको, म्हणे! आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. जेवण जात नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सोमवार जवळ आला तसा मीच नमतं घेतलं आणि त्यांना रिक्षात घालून कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे नेलं. सरळ माणूस. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाजी, करार दोघांचा असतो. तुम्ही अट बोललात हे खरं, पण ती ऐकून 'बरं' म्हणणारं तिकडे कुणी नव्हतं. त्यांनी तुमचा व्हिडिओ ठेवून घेतला म्हणजे तुमची अट घेतली, असं कोर्ट मानेल असं मला वाटत नाही. उलट खातं उघडताना त्यांच्या अटींवर 'मान्य' तुम्हीच दाबलंत. आता भांडायचं तर भांडू, पण सोमवारच्या आत काही व्हायचं नाही. माझं ऐका. मान्य करा, सगळं उतरवून घ्या आणि खातं बंद करून टाका. मधल्या वेळात त्यांनी त्यातून काय उचललं, ते मात्र मी सांगू शकणार नाही."

दाजी खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, आता वकिलांचं काही खरं नाही. "वकीलसाहेब, तुम्हना कायदा ऱ्हाऊ द्या. आम्हना बजारना कायदा ऐका. ज्याना ढीग, त्यानी अट. दुसरा उना, त्यानी त्या ढिगमा हात घाला, ते तेनी..." आणि बोलता बोलता थांबले. हात तसाच पुढे आलेला, मूठ वळायच्या बेतात. त्या हाताकडे बघत राहिले. वकील माझ्याकडे बघताहेत, मी दाजींकडे. मग त्यांनी तो हात हळूच मांडीवर ठेवला, नमस्कार केला आणि उठले. रिक्षा स्टेशनच्या वळणावर आली तेव्हा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ढीग त्यासना व्हता रे. हात मीच घाला." माझंच बरोबर होतं, पण मला काडीचा आनंद झाला नाही.

मला वाटलं, आता दाबतील. छे! सोमवारी सकाळी गेलो तर हे बाजाराला निघाल्यासारखे तयार होऊन ओट्यावर बसलेले. पांढरी टोपी, खांद्यावर मोठा रुमाल, समोर फोन, फोनवर ती चौकट. पुढ्यात चहा, त्यावर साय धरलेली. ऊन पायरीवर आलं, पायरीवरून ओट्यावर चढलं, तरी बोट काही पुढे जाईना. मी आधी गोडीनं बोललो, मग ओरडलो, मग हात जोडले. "दाजी, दुपार झाली! आता कशाची वाट बघताय?"

"मी हात घाला, हाई खरं," दाजी म्हणाले. "मन्हं थोबाड, मन्ही टोपी, मन्हा भाव, जे पाहिजे ते ली जावोत. मी हा म्हनस. पन आवाज अक्काना शे. तो ढीग मन्हा नही. तिले इचारा बिगर मी हा कसा म्हनू?"

"अहो, तिला आता कुठून विचारणार?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुले इचारस. शेवटली साडी तू आनी. तू माहेरना मानूस. तू हा म्हन, मी दाबस."

आता काय सांगू तुम्हाला! इतके दिवस 'दाबा, दाबा' म्हणून मी घसा कोरडा केला होता, आणि आता 'हो' एवढा एक शब्द तोंडातून निघेना. डोळ्यांसमोर यायला लागलं, मी कुठल्यातरी दुकानात उभा आहे आणि कुठलंसं यंत्र अक्काच्या आवाजात मला साबण विकतंय. आणि नाही म्हणावं, तर आज दुपारनंतर ती कायमची गप्प. मला दाजींचा राग आला, त्या कंपनीचा आला, कॅमेऱ्यासमोर न येणाऱ्या अक्काचा आला. मग डोळे भरून आले, आणि त्याचा सगळ्यांत जास्त राग आला. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "दाजी, हो. पण माझी एक अट आहे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा दाजींच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. ताठ बसले. "बोल."

"रोज सकाळी मलाही ऐकवायचं."

मी वाट बघत राहिलो. आता म्हणतील, चपला बाहेर काढशी तर. मधे बोलणार नसशील तर. निकाल नंदुरबारात. काही नाही. दाजी म्हणाले, "मान्य." एवढंच. मग खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी फोनवर टाकला, त्याखाली माझं बोट धरलं, बाजारात धरायचे तसं घट्ट, आणि चौकटीवर टेकवलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग रुमालाच्या आतून कुठलासा जुना भाव सुरू झाला, दाजी देठांवर बोलायला लागले, आणि पाठीमागून आरोळी आली, "ओ, चहा गार व्हयी ऱ्हायना!"

संध्याकाळी भाचा सुरतेहून आला. त्यानं सगळं उतरवून घेतलं आणि खातं बंद केलं. त्या एका दुपारी कंपनीनं ढिगातून मूठ भरली की नाही, आम्हाला कळायला मार्ग नाही. मी एकदा तो विषय काढला. दाजी म्हणाले, "मशीन शिकी ते शिको. अक्का पहिले तेले चहा पाजी." आता मी रोज सकाळी जातो. चपला बाहेर काढतो, मधे बोलत नाही. आम्ही दोघं ओट्यावर बसून कधीकाळचे भाव ऐकतो, आणि आतून अक्का ओरडली की मुकाट्यानं आपापला कप उचलतो.